नोंदवहीत रकाना नसलेला माणूस

चर्चच्या दफन-नोंदवहीचं पान आडवं असतं. डावीकडून रकाने सुरू होतात: अनुक्रमांक, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, पूर्ण नाव, वय, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय, मृत्यूचं कारण आणि अगदी उजवीकडे विधी चालवणाऱ्या पाळकाची सही. मंडळीगणिक, म्हणजे चर्चगणिक, रकाने थोडे मागेपुढे होतात, पण एका माणसाला एकच ओळ. त्या ओळीत बाप येतो, नवरा येतो, डॉक्टरचं निदान येतं. मित्र कुठेच येत नाही.

शोकपत्रिकेतही तो तळाला, ‘आणि समस्त मित्रपरिवार’ एवढ्यात उरकलेला असतो. उपासनेत पुढचे दोन बाक घरच्यांचे. सांत्वनाला आलेली माणसं बायकोचा हात हातात घेतात, मुलाच्या पाठीवरून हात फिरवतात. ज्याच्याबरोबर चाळीस वर्षं रोज संध्याकाळचा चहा व्हायचा तो मात्र मांडवाच्या खांबाला टेकून उभा असतो, आणि त्याची विचारपूस करायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

मराठी ख्रिस्ती समाजात मरणानंतरची घडी चांगली बसलेली आहे, मग ती नगर, जालना, मिरज, सोलापूरकडची प्रोटेस्टंट मंडळी असो की वसईतला कॅथलिक धर्मग्राम (पॅरिश). कुणी काय करायचं हे बहुतेक ठरलेलं असतं. मित्राचं तेवढं ठरलेलं नसतं, म्हणून त्याला ते शोधून घ्यावं लागतं.

शुभवर्तमानात मरणाच्या प्रसंगी ‘मित्र’ हा शब्द येतो तो खुद्द येशूच्या तोंडी. योहानाच्या अकराव्या अध्यायात तो शिष्यांना सांगतो की आपला मित्र लाजर झोपी गेला आहे. घरच्या म्हणजे मार्था आणि मरीया, दोघी बहिणी. येशू हा त्या घरचा स्नेही, आणि तोही उशिरा पोहोचलेला. बेथानी यरुशलेमपासून जेमतेम तीन किलोमीटरवर, शहरातून सांत्वनाला माणसं कधीच येऊन बसलेली, लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. मार्था गावाबाहेरच त्याला गाठते आणि आधी तक्रारच करते: तुम्ही इथे असता तर माझा भाऊ गेला नसता. तिला उत्तर मिळतं ते बहुतेक ख्रिस्ती दफनविधींत वाचलं जातं: ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे, जो माझ्यावर विश्वास ठेवतो तो मेला असला तरी जगेल.’ हे पंचविसावं वचन. पस्तिसाव्या वचनात दोनच शब्द आहेत: ‘येशू रडला.’

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. काही वेळातच लाजर बाहेर येणार हे ज्याला ठाऊक होतं, तो आधी आशेचं बोलला आणि मग रडला. म्हणजे आशा असली की रडू नये, हा हिशोब त्यानंच मोडून ठेवला आहे. आपल्याकडे वाचन बहुतेक वेळा पंचविसाव्या-सव्विसाव्या वचनाला थांबतं. उपासनेचा क्रम ठरवताना मित्राला विचारलंच, तर त्यानं पाळकांना एक विनंती जरूर करावी: सतरापासून छत्तिसापर्यंत वाचा. तीन-चार मिनिटं लागतात. छत्तिसाव्या वचनात भोवतीचे लोक म्हणतात, बघा, याचं त्याच्यावर किती प्रेम होतं. मित्राच्या नात्याला भर सभेत मिळालेली ती साक्ष आहे.

प्रेषित पौलाचं थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेलं एक वचनही असंच अर्धवट वापरलं जातं. ज्यांना आशा नाही अशा बाकीच्यांसारखा खेद करू नका, असं तो लिहितो. सांत्वनाला आलेला एखादा मनुष्य त्यातलं ‘खेद करू नका’ एवढंच उचलतो आणि रडणाऱ्या बाईला गप्प करतो. पौलानं रडण्यावर बंदी घातलेली नाही. आशा असलेल्या माणसाचं रडणं वेगळं असतं, इतकंच तो म्हणतो. त्याच वाक्यात त्यानं मेलेल्यांना ‘झोपी गेलेले’ म्हटलं आहे. इंग्रजीतून आपल्याकडे आलेल्या ‘सिमेटरी’ या शब्दाचं मूळ ग्रीक आहे, आणि त्या मुळाचा अर्थ ‘झोपायची जागा’. म्हणून जुन्या रिवाजात डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला ठेवतात. उठलं की तोंड उगवतीकडे यावं.

पहिल्या दिवशी मित्राचं काम हाता-पायांचं असतं, आणि ते बरंच असतं, कारण घरच्यांचं डोकं त्या दिवशी चालत नाही. डॉक्टरांचं मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र आधी ताब्यात घ्यावं, त्याशिवाय दफनभूमीत पुढे काही हलत नाही. त्यावरचं नाव आधारकार्डाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते तिथेच उभं राहून पाहावं. मृत्यूची सरकारी नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. नाव चुकीचं चढलं तर पेन्शन, विमा, बँक सगळीकडे विधवेला तीच चूक निस्तरत फिरावं लागतं. मग पाळक किंवा फादर, खड्डा खणणारे, पेटीवाला, बाहेरगावची माणसं कधी पोहोचतात त्यावरून ठरणारी वेळ. चहाचंही असंच. एक लिटर दुधात पाऊण लिटर पाणी घातलं की सतरा-अठरा छोटे कप होतात. साठ-सत्तर माणसं दोनदा चहा घेणार म्हटलं तर आठ लिटर दूध लागतं, आणि ते सांगायला घरातल्या कुणाला उठवायचं नाही.

पेटीचं माप उंचीत दोन-तीन इंच मिळवून घेतात. रुंदी खांद्यापाशी, हात शरीरालगत ठेवून मोजतात. गडबड होते ती खड्ड्याच्या मापात. खणणाऱ्यांना पेटीचं आतलं माप सांगितलं जातं, बाहेरच्या कड्या कुणी धरत नाही. मग अर्ध्यावर उतरलेली पेटी कड्यांपाशी अडकते, ती पुन्हा वर घ्यावी लागते, आणि घरच्यांसमोर कुदळ चालते. बाहेरच्या मापाला चारी बाजूंनी वीतभर मोकळीक ठेवली की हे टळतं. वसईतल्या काही धर्मग्रामांत आता पेटी न वापरता सुती कापडात गुंडाळून पुरतात. लाकूड वर्षानुवर्षं कुजत नाही आणि जागा तर थोडी, हे त्याचं कारण. तिथे कापडाखाली फळीचा आधार नीट आहे ना, ते पाहावं लागतं.

उतरवायला दोन दोर. सहा फूट खाली, पेटीच्या पोटाखालून आडवं, पुन्हा सहा फूट वर आणि दोन्ही टोकांना धरायला तीन-तीन फूट, असा प्रत्येक दोर वीस फुटांच्या आत नको. काथ्याचा दोर तळहात सोलतो, नायलॉनचा बारीक दोर निसटतो. जाड सुती दोर किंवा रुंद पट्टा बरा. डोक्याकडचं वजन जास्त, म्हणून दणकट जोडी डोक्याकडे. दोन आडव्या वाशांवर पेटी टेकवतात, दोर ताणून ती जराशी उचलतात, वासे काढून घेतात आणि मग एकाच माणसाच्या शब्दावर चौघांनी हात-हात दोर सोडायचा. शब्द देणारा एकच असावा. दोघे बोलले की पेटी कलते.

मग मूठमाती. मराठीत ‘मूठमाती देणे’ हा वाक्प्रचार एखादी रूढी कायमची टाकून देण्यासाठी वापरतात. दफनभूमीत तो अक्षरशः खरा असतो, आणि तिथे त्यात टाकून देणं नसतं. मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ असं पाळक म्हणत असताना घरचे आणि त्यांच्यामागून मित्र तीन मुठी माती टाकतात. नगर-सोलापूरकडची काळी माती उन्हात ढेकूळ धरते. ते ढेकूळ तसंच टाकलं तर पेटीच्या झाकणावर ‘धप्’ असा पोकळ आवाज होतो, आणि तो घरच्यांच्या कानात महिनोन् महिने राहतो. म्हणून ढिगाऱ्यापाशी आधी पोहोचून ढेकळं हातानं फोडून ठेवावीत, माती भुसभुशीत करावी. हे काम कुणी सांगत नाही आणि केलेलं कुणाला दिसतही नाही. मित्रानं ते करावं.

पौल करिंथकरांना मरणाबद्दल लिहितो तेव्हा शेतकऱ्याच्या भाषेत लिहितो: पेरताना तू पुढं येणारं रोप पेरत नाहीस, नुसता दाणा पेरतोस, गव्हाचा किंवा दुसऱ्या कशाचा. ख्रिस्ती मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीत, शब्द आहेत तेही देहाच्या पुनरुत्थानाचे. आत्मा कुठेतरी सुखात आहे, एवढ्यावर ते भागत नाही. ज्या देहानं तो माणूस चालला, हसला, रागावला, त्या देहाला देव विसरत नाही, अशी ही आशा आहे. तिचा आठवणीशी थेट संबंध आहे. देहच उठणार असेल तर त्याच्या देहाचे बारकावे क्षुल्लक राहत नाहीत. डाव्या पायावर जरा जास्त भार देऊन चालणं, हसताना तोंडावर हात नेणं, बायबल उघडण्याआधी चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसणं. या गोष्टी नोंदवहीत जात नाहीत आणि घरच्यांना इतक्या सवयीच्या असतात की दिसत नाहीत. त्या टिकवणं मित्राकडे येतं.

स्मरणाच्या उपासनेत चार शब्द बोलायला मित्राला उभं करतात, ती याची पहिली वेळ. बहुतेक भाषणं इथेच बिघडतात. लिहून न आणणारा माणूस हमखास स्वतःकडे वळतो: आमची ओळख कशी झाली, मी त्याला कशी मदत केली, तो मला काय म्हणायचा. दुसरी चूक विशेषणांची. प्रेमळ, मनमिळाऊ, देवभीरू, दानशूर हे चार शब्द कुणाच्याही पेटीपुढे चालतात, म्हणून ते कुणाचेच होत नाहीत. तिसरी चूक मोठी आहे, ती देवाच्या नावावर बोलण्याची. देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात, देवानं आपल्या बागेसाठी फूल तोडलं, यात काहीतरी चांगलंच असेल. पवित्र शास्त्रात याला आधार नाही, आणि पस्तिशीत नवरा गेलेल्या बाईला ते ऐकावं लागतं. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. ते त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम. पुढे तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणं सांगायला लागले तेव्हा ते चुकले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांना तसं सांगतो.

तेव्हा लिहून आणावं. चारशे शब्दांच्या वर नको. एरवी ते तीन-साडेतीन मिनिटांत वाचून होतात, पण भरल्या गळ्यानं पाच लागतात. कागदावर अक्षर मोठं, ओळींत अंतर, पानं दोनच आणि त्यांवर आकडे, कारण हात थरथरतो आणि पानं खाली पडतात. एक प्रसंग घ्यावा, पण पुरता: कुठलं वर्ष, कुठली जागा, तो नेमकं काय बोलला. त्याची एखादी लकब असावी. त्याचा एखादा दोष प्रेमानं सांगितला तरी चालतो. तो उशिरा यायचा, हट्टी होता, चर्चच्या वार्षिक सभेत हिशेबावरून भांडायचा. असं एखादं वाक्य आलं की बाकावरची माणसं डोळे पुसता पुसता हसतात आणि गेलेला माणूस क्षणभर खोलीत येतो. शेवट त्याच्या घरच्यांकडे वळून करावा, एखाद्या कामाच्या शब्दानं: दर महिन्याच्या पेन्शनच्या फेरीला मी बरोबर येईन. मग मात्र ते करावं.

गाण्यांबद्दल एवढंच की सूर उतरवावा. मंडळी एरवी काळी दोनच्या पट्टीत गात असेल तर हार्मोनियमवाल्यानं पांढरी एक धरावी, कारण रडवेल्या गळ्याला वरचा षड्ज लागत नाही आणि अंतऱ्याला सगळे गप्प होतात. शब्द छापून वाटावेत. आलेले अर्धे लोक दुसऱ्या मंडळीचे, दुसऱ्या धर्माचे असतात आणि त्यांनाही गायचं असतं.

त्या दुसऱ्या धर्माच्या मित्रांसाठी थोडं. मराठी ख्रिस्ती माणसाचे शाळेतले, कारखान्यातले, कीर्तनातले, ट्रेनमधले दोस्त सगळ्या जातिधर्मांचे असतात, आणि चर्चच्या दारात ते बिचकतात. आत यावं, कुठेही बसावं. सगळे उभे राहिले की उभं राहावं. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर घ्यायच्या रांगेत तेवढं लागू नये. पांढरे कपडे बरे, फुलं चालतात, मूठमाती तर जरूर द्यावी. ख्रिस्ती माणसाच्या नावामागे ‘कैलासवासी’ लागत नाही. ‘ख्रिस्तवासी’ हा मराठी ख्रिस्ती लोकांचा शब्द आहे, आणि ‘प्रभूमध्ये झोपी गेले’ असंही लिहितात. निरोपाच्या संदेशात यातलं काही सुचलं नाही तरी बिघडत नाही. मुलाला फक्त एवढं लिहून पाठवावं की तुझ्या बाबांनी अमुक साली माझ्यासाठी हे केलं होतं. बापाबद्दलची ही गोष्ट मुलाला बहुधा माहीतच नसते, आणि असे संदेश वर्षानुवर्षं जपून ठेवलेले असतात.

मग पावसाळा येतो, आणि दगडाचा प्रश्न निघतो. कबर लगेच बांधायची घाई घरच्यांना असते, कारण उघडी माती बघवत नाही. पण नव्यानं भरलेली माती बसते, पेटीचं झाकण कधीतरी दबतं, आणि काळी माती पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळते. चार महिन्यांत केलेलं बांधकाम पहिल्याच पावसाळ्यानंतर एका कोपऱ्यात खचतं आणि लादीला तडा जातो. निदान एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा, दिवाळीनंतर काम धरावं. तोवर लाकडी क्रूस आणि त्यावर नावाची पत्र्याची पाटी पुरते. लाकडाचा जमिनीत जाणारा भाग डांबर लावून घ्यावा, नाहीतर वाळवी तो सहा महिन्यांत खाते. मुंबईत जागेच्या टंचाईनं बऱ्याच ठिकाणी कायमची कबर मिळत नाही. काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, तिथे एवढीशी फरशी लागते. मग शब्द अजूनच मोजून लिहावे लागतात.

संगमरवर दिसायला सुंदर, पण तो चुन्याच्या जातीचा दगड. कुणीतरी डाग काढायला लिंबू किंवा ॲसिड लावतं आणि दोन-तीन वेळांत अक्षरांच्या कडा विरतात. काळा ग्रॅनाइट टिकतो. साफ करायला साधं पाणी आणि मऊ ब्रश. अक्षरं नुसती रंगवलेली नकोत, दगडात खोल कोरलेली हवीत. वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज काळातल्या शिळा आहेत. १७३९ मध्ये किल्ला मराठ्यांनी घेतला, त्याच्याही आधीच्या. कोरलेल्या असल्यामुळे अजून वाचता येतात.

मजकुराची तपासणी हे खास मित्राचं काम, कारण घरचे डोळ्यांत पाणी असताना तपासतात. कोरणारा आता संगणकावरून स्टेन्सिल कापतो, आणि एका सॉफ्टवेअरमधला मराठी मजकूर दुसऱ्यात नेला की जोडाक्षरं तुटतात. ‘ख्रिस्त’मधला पाय मोडलेला ख सुटा पडतो, रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘पुनरुत्थान’चा रु दीर्घ होतो. म्हणून मजकूर फोनवर टाइप करून पाठवू नये. पीडीएफ द्यावी, आणि स्टेन्सिल दगडावर चिकटवल्यावर, कोरण्याच्या आधी, स्वतः जाऊन एकेक अक्षर उलट्या क्रमानं वाचावं. सरळ वाचलं तर डोळा चूक दुरुस्त करून पुढे जातो. ‘मृत्यू’ दीर्घ, ‘स्मृती’ दीर्घ, पण ‘स्मृतिदिन’ आणि ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ ऱ्हस्व. ‘प्रभू’ एकटा आला की दीर्घ, ‘प्रभुभोजन’ म्हटलं की ऱ्हस्व. तारखा चर्चच्या नोंदवहीशी ताडून घ्याव्यात. जन्मतारीख शाळेच्या दाखल्यात एक आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत दुसरी, हे जुन्या पिढीत सर्रास सापडतं. अशा वेळी बाप्तिस्म्याची नोंद धरावी, कारण ती जन्माच्या जास्त जवळची असते.

दगडावर मित्राचं नाव येत नाही. ते यावं असंही नाही. पण असा एक दगड आहे जो घरच्यांनी उभा केलेला नाही, आणि तो मराठी माणसाच्या ओळखीचा असायला हवा. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, डॉ. आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत. थिओडोशिया कार्पेंटर न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या. आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांचा एका मिशनरी मासिकात छापलेला पत्रव्यवहार त्यांच्या वाचनात आला आणि १८८० मध्ये त्यांनी आनंदीबाईंना पहिलं पत्र पाठवलं. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या त्या त्यांच्याच आधारावर. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. मार्च १८८६ मध्ये डॉक्टरकी हातात पडली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावं वर्षही पुरं व्हायच्या आत, पुण्यात त्या गेल्या. गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. त्यांनी त्या आपल्या माणसांत ठेवल्या. दगडावर नाव आहे, एम.डी. ही पदवी आहे, १८६५–१८८७ ही वर्षं आहेत आणि एकच ओळ: शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री.

ख्रिस्ती बाईनं आपल्या घराण्याच्या जागेत हिंदू मैत्रिणीच्या अस्थी ठेवल्या, आणि दगडावर तिला ख्रिस्ती करून टाकलं नाही. आनंदीबाईंनी धर्म बदलावा म्हणून अमेरिकेत कमी आग्रह झाला नव्हता. त्या शेवटपर्यंत हिंदू राहिल्या, आणि दगड तेच सांगतो. गेलेल्या मित्राबद्दल खरं तेवढंच लिहावं आणि बाकीचं देवाच्या दयेवर सोडावं, ही श्रद्धेतली मोठी शिस्त आहे. स्मरणसभेत एखाद्याच्या विश्वासाला नसलेली झळाळी चढवणाऱ्यांना हा दगड दाखवावासा वाटतो. देवाच्या दयेला आपल्या शिफारसपत्राची गरज पडत नसावी.

वर्षाच्या आठवणीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या वाटा थोड्या वेगळ्या होतात. कॅथलिक घरात गेलेल्यासाठी मिस्सा अर्पण करतात: महिन्याला, वर्षाला, आणि २ नोव्हेंबरला सगळ्या मृतांसाठी. त्या दिवशी दफनभूमीत मेणबत्त्या आणि फुलं असतात. पाऊस नुकताच संपलेला असल्यामुळे कबरींवर गुडघाभर गवत असतं, ते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात काढावं लागतं, आणि विळ्यानं हात घालण्याआधी काठीनं आपटून बघावं लागतं, कारण गवतात साप असतो. प्रोटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. मृताच्या आयुष्याबद्दल देवाची उपकारस्तुती करतात आणि मागे राहिलेल्यांसाठी मागणं करतात. दानाच्या पाकिटावर नाव आणि ‘स्मरणार्थ’ लिहून आठवडाभर आधी सचिवांकडे दिलं की रविवारी ते वाचलं जातं. मित्र कॅथलिक आणि आपण प्रोटेस्टंट असलो, तर त्याच्या मिस्साला जाऊन बसावं. उलट असलं तरी तसंच. तिथे मतांचा वाद उकरू नये.

तारीख कुठली धरायची, हेही आहे. घरचे मृत्यूची तारीख पाळतात. मित्रानं वाढदिवस धरावा. पहिल्या वाढदिवसाला त्या घरात फोन वाजत नाही, कारण काय बोलावं हे कुणालाच कळत नाही. त्या दिवशी जावं.

दावीद आणि योनाथान यांच्या मैत्रीचे दाखले आपण लग्नातसुद्धा देतो, पण त्या मैत्रीचा खरा भाग योनाथान मेल्यावर सुरू होतो. गिलबोवाच्या डोंगरावर तो पडला तेव्हा दावीदानं विलापगीत रचलं, आणि यहूदाच्या लोकांना ते शिकवावं असा हुकूम दिला. गीत झालं. पुढे बरीच वर्षं गेली, दावीद राज्यावर स्थिर झाला, आणि दुसऱ्या शमुवेलाच्या नवव्या अध्यायात तो एकदम विचारतो की शौलाच्या, म्हणजे योनाथानाच्या बापाच्या, घराण्यात कुणी उरलं आहे का, योनाथानासाठी मला त्याच्यावर दया करायची आहे. सीबा नावाचा चाकर सांगतो की योनाथानाचा एक मुलगा आहे, दोन्ही पायांनी लंगडा. बाप मेल्याची बातमी आली तेव्हा तो पाच वर्षांचा होता. दाई त्याला घेऊन पळत सुटली आणि तो तिच्या हातून पडला. मफीबोशेथ त्याचं नाव. लो-दबार गावात दुसऱ्याच्या घरी तो राहत होता. दावीद त्याला बोलावून घेतो, आजोबांची शेतं परत देतो, ती कसायला सीबाला नेमतो आणि मुलाला रोज आपल्या पंक्तीला जेवायला बसवतो.

इथे जमीन आहे, ती कसायची व्यवस्था आहे, रोजचं जेवण आहे, आणि त्या मुलाचे पाय बरे होत नाहीत. अध्याय संपतो तोच या वाक्यावर की तो दोन्ही पायांनी लंगडा होता. मित्राच्या मागे राहिलेलं दुःख आपण नाहीसं करू शकत नाही. मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मवर कुठे सही लागते, घराचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, शेतातल्या विहिरीच्या पाळीत त्याच्या विधवेला कुणी डावलतं आहे का, हे बघू शकतो. तेही पहिल्या महिन्यात नाही, तेव्हा सगळेच येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, सगळ्यांच्या फेऱ्या थांबल्यावर.

आणि वर्षातून एक पहाट. ईस्टरला पहाटे दफनभूमीत उपासना करण्याची रीत मोरेव्हियन मंडळीनं जर्मनीतल्या हेर्नहूट गावी १७३२ मध्ये सुरू केली. आपल्याकडेही अनेक मंडळ्या त्या पहाटे दफनभूमीत जमतात. चैत्रातला गार वारा असतो, मेणबत्ती टिकत नाही. पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून, तळाशी दोन बोटं वाळू घालून त्यात ती उभी करायची. आदल्या शनिवारी कबर धुतलेली असते. पाच-सव्वापाचला माणसं काळोखात चाचपडत आपापल्या कबरीपाशी उभी राहतात. पाळक मोठ्यानं म्हणतात, प्रभू उठला आहे. खरोखर उठला आहे, असं उत्तर सगळ्या बाजूंनी येतं. घरचे लोक आपल्या माणसाजवळ असतात. मित्र दोन कबरींच्या मधल्या पायवाटेवर उभा राहतो. इथल्या झोपलेल्यांची तोंडं ज्या दिशेला आहेत, त्याच दिशेला त्याचं तोंड असतं. हळूहळू नावं वाचता येण्याइतकं उजाडतं.

उन्हं वर यायच्या आत मेण काढून घ्यावं. ग्रॅनाइट तापला की ते वितळून अक्षरांत उतरतं. प्लॅस्टिकची जुनी फूटपट्टी खिशात ठेवावी, लोखंडी काही लावू नये. ‘स्मृती’च्या वेलांटीत अडकलेलं राहिलं तर काडीनं काढावं.